सव्विसावा किलोमीटर

सविता गावित आयुष्यात दोनदा जीव खाऊन पळाली होती, आणि दोन्ही वेळा मागे मारणारा माणूस होता.

पहिल्यांदा पळाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आईबाप पेठ तालुक्यातल्या डोंगरातलं घर बंद करून सिन्नरकडच्या एका वीटभट्टीवर आले होते. बाप रावजी तसा अबोल माणूस. शिमग्याला चार दिवस गावी जाऊ द्या, एवढंच तो मुकादमाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मुकादमाने त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधलं आणि सगळ्या मजुरांना उठवून समोर उभं केलं. आधी पट्टा चालला. पट्टा तुटला तेव्हा फावडं आलं. रावजी एकच शब्द म्हणत होता, "बस, दादा, बस." मोठी माणसं खाली माना घालून उभी होती. सविता तेवढी पळाली. अनवाणी, डांबरी रस्त्याने, शेजारच्या गावातल्या शाळेपर्यंत. तिथे लताबाई नावाच्या शिक्षिका नुकत्याच कुलूप उघडत होत्या. पोरीच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत अर्धा तास गेला. पोलीस घेऊन त्या भट्टीवर पोचल्या तेव्हा रावजी राखेच्या ढिगाशेजारी पडला होता आणि त्याचा गुडघा उलट्या बाजूला वळला होता. नवव्या दिवशी दवाखान्यात तो गेला. कागदावर लिहिलं गेलं, ट्रॉलीवरून पडून. मुकादमाला कोणी हात लावला नाही.

दुसऱ्यांदा पळाली ती बाविसाव्या वर्षी, नवऱ्याच्या घरातून, मोडलेली करंगळी मुठीत धरून. त्याही वेळी ती लताबाईंकडेच आली. तोवर लताबाईंनी नोकरी सोडून नाशकात, इंदिरानगरात, भाड्याच्या बंगल्यात बालगृह सुरू केलं होतं. भट्ट्यांवरची, ऊसतोडीची, आईबाप हरवलेली अशी चाळीसेक मुलं तिथे राहत. सविता तिथे राहिली ती कायमचीच. मुलांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, उवा काढायच्या, ताप आला की उशाशी बसायचं. अकरा वर्षं तिने हेच केलं. मुलांवर तिने कधी हात उगारला नाही. एखाद्याने फारच छळलं तर ती पायात चपला सरकवून बाहेर जायची आणि राणेनगरच्या बोगद्यापर्यंत भराभरा चालून यायची. पुढे चालण्याचं पळणं झालं. रोज पहाटे पाच, मग आठ, मग बारा किलोमीटर. का पळतेस असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "पळून आले की हात शांत होतात."

त्या वर्षी बंगल्याच्या मालकाने घर रिकामं करायला सांगितलं. लताबाईंच्या नावावर पाथर्डीकडे जागेचा एक तुकडा होता, पण त्यावर चार भिंती उभ्या करायला हातात काही नव्हतं. अंबडच्या एका कारखान्याने तयारी दाखवली. शहरात दरवर्षी जानेवारीत मॅरेथॉन होते. त्यात बालगृहातल्या कोणी पूर्ण बेचाळीस किलोमीटर पळून दाखवावेत, भिंतींचं आम्ही बघतो, असं त्यांचं म्हणणं. अट एकच होती, शर्यत पुरी झाली पाहिजे. अर्ध्यात सोडली तर काही नाही.

"अशी कसली अट?" सविताने विचारलं.

"त्यांना दाखवायला काहीतरी लागतं बाई," लताबाई म्हणाल्या. "आपल्याला भिंती लागतात. पळशील?"

"पळेन."

कारखान्याचा माणूस म्हणून योगेश पगार सोबत असणार होता. चाळिशीचा, गोरा, सतत काहीतरी समजावून सांगणारा. सायकलच्या दांडीवर फोन अडकवून तो सविताच्या बाजूने चालणार आणि तिचं पळणं लोकांना थेट दाखवणार, असं ठरलं होतं.

पहाटे साडेपाचला गोल्फ क्लबच्या मैदानावरून शर्यत सुटली. अंगाला झोंबणारी थंडी होती. गंगापूर रोडने सगळा घोळका बाहेर पडला, गंगापूर गाव मागे पडलं, रस्ता अरुंद झाला आणि दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे लागले. गिरणाऱ्याच्या पुढे वळण घेऊन याच रस्त्याने परत यायचं होतं. सविता एका लयीत पळत होती. योगेश फोनकडे बघून बोलत होता, "सविताताईंना तुमच्या शुभेच्छा हव्यात, मंडळी. मुलांच्या घरासाठी पळतायत ताई."

सोळाव्या किलोमीटरची पाटी गेली आणि डाव्या हाताला वीटभट्टी दिसली.

सविताला ती आधी वासानेच कळली. ओल्या मातीचा गारा, जळका भुसा, राख. तिने मान वळवायची नाही असं ठरवलं, आणि तेवढ्यात किंकाळी ऐकू आली.

रस्त्यापासून चाळीसेक पावलांवर एक जाडजूड माणूस एका पोरीला केसांना धरून ओढत नेत होता. पोर आठ-नऊ वर्षांची असेल. तिचे पाय गाऱ्यात लडबडत होते, एका हाताने ती त्याचं मनगट धरू पाहत होती. मागून एक बाई हात जोडून धावत आली. त्याने न बघताच तिच्या पोटात लाथ घातली. बाई कच्च्या विटांच्या रांगेवर कोसळली आणि विटांचा चिखल झाला. तशी त्या माणसाने पोरीला सोडलं, बाईपाशी गेला आणि मोडलेल्या विटांसाठी म्हणून तिच्या तोंडात आणखी दोन लगावल्या.

पळणाऱ्यांपैकी कोणीतरी "अरे, अरे!" म्हणालं. एकाने चालता चालता फोन वर धरला. कोणी थांबलं नाही.

सविताचे पाय अडखळले.

"ताई, थांबू नका!" योगेश म्हणाला. "मी करतो पोलिसांना फोन. आत्ता करतो. तुम्ही थांबलात तर सगळं फुकट जाईल. चाळीस पोरांचं घर आहे, ताई!"

"नक्की करता ना?"

"नक्की. पळा तुम्ही."

सविता पळाली. आयुष्यभर तिने स्वतःला विचारलं की का पळाली, आणि दर वेळी उत्तर तेच आलं, की चाळीस पोरांचा हिशेब खरा होता म्हणून. पाठीमागे चापटीचा आवाज झाला. मग पोरीचा आवाज एकदम बंद पडला. तो बंद पडलेला आवाज पुढचे पाच किलोमीटर तिच्या कानात राहिला.

गिरणाऱ्यात मजुरांचा बाजार भरला होता. पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसं पिशव्या घेऊन कामाची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि या पळणाऱ्या लोकांकडे नवलाने पाहत होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने सविताच्या तोंडवळ्यावरून ती आपल्याकडचीच हे ओळखलं असावं. तो ओरडला, "आपली पोर आहा रे! पळ, बाय, पळ!" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. सविताला मान वर करवेना.

वळण घेऊन ती परत फिरली. आठ वाजत आले होते, ऊन तापायला लागलं होतं. मांड्यांत गोळे येत होते. चोविसाव्या किलोमीटरला तिने विचारलं, "काय म्हणाले पोलीस?"

योगेशने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"योगेशभाऊ, पोलीस काय म्हणाले?"

"ताई, फोनवर लाईव्ह चालू आहे ना. कॉल लावला की ते बंद पडतं. म्हटलं पुढे पाण्याच्या टेबलावर कोणाचा तरी फोन घेऊन..."

"केला नाहीत."

"राहूनच गेलं, ताई. आणि तिथे इतके लोक होते, कोणीतरी केलाच असेल."

सविताने वेग वाढवला. योगेश पायडल मारत मागून ओरडत होता की इतक्या जोरात नको, शेवटचे दहा जड जातील, दम राखून ठेवा. तिला ते ऐकूच येत नव्हतं. पुढचे दोन किलोमीटर ती जशी पळाली तशी ना आधी पळाली होती, ना नंतर कधी पळाली.

सव्विसाव्या किलोमीटरची पाटी लागली, पुढे भट्टी दिसली. रस्त्यावरून नालीपलीकडे तिने उडी मारली. छातीवरच्या नंबराचा कागद काटेरी तारेत अडकला आणि फाटून तिथेच राहिला.

भट्टीवर पंधरा-वीस माणसं होती. सगळी आपापल्या साच्यापुढे उकिडवी बसलेली, हात गाऱ्यात, माना खाली. सविताने त्या माना ओळखल्या. मधल्या मोकळ्या जागेत ती बाई पालथी पडली होती. मघाचाच माणूस तिच्या उजव्या पंजावर बूट ठेवून उभा होता आणि हातातल्या फावड्याच्या दांड्याने तिच्या पोटऱ्यांवर मारत होता. घाईने नाही. एक मारायचा, विचारायचा, पुन्हा मारायचा.

"कुठं गेला तुझा नवरा? बोल. कुठं गेला?"

"त्याची आई मेली," बाई म्हणत होती. तिच्या ओठातून रक्त येत होतं. "माती द्याया गेला. येल तो. देवाशप्पथ येल."

"मला इचारून मेली का त्याची आई?" आणि पुन्हा दांडा.

पोरगी पाण्याच्या हौदाशेजारी बसलेली होती. तिची दोन्ही मनगटं सुतळीने नळाच्या पाइपाला बांधली होती. एक डोळा पुरता मिटला होता.

"सोड तिला," सविता म्हणाली.

माणसाने वळून पाहिलं. त्याचं नाव दत्तू, तो भट्टीचा मुकादम, हे तिला नंतर पोलीस ठाण्यात कळलं. त्या वेळी तिला फक्त त्याचा हात दिसत होता. त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, तिचे रंगीत बूट, तिची घामाने भिजलेली बनियन, आणि त्याला हसू आलं.

"तू इकडं कुठं? शर्यत तिकडं हाय. पळ."

"सोड म्हटलं ना."

"ए बाई, हे आमचं घरातलं हाय. तू तुझं बघ."

सविता त्याच्या अंगावरून पुढे झाली आणि बाईला उठवायला वाकली. दांडा तिला दिसलाच नाही. उजव्या खांद्यावर काहीतरी कडकन मोडलं आणि ती तोंडावर आपटली. तोंडात राख गेली. उठायला गेली तर उजवा हात हललाच नाही. दुसरा फटका पाठीत बसला, तिसरा बरगडीत. बाहेरच्या रस्त्यावरून योगेश किंचाळला, "अहो, काय करताय! मी शूटिंग करतोय! सगळं दिसतंय!"

तो शब्द ऐकून दत्तू बिथरला. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग मजुरांकडे. या सगळ्यांसमोर आता माघार घेतली तर उद्या आपल्याला कोणी मोजणार नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख उमटलं. त्याने दांडा फेकला, हौदाकडे गेला, सुतळी ओढून तोडली आणि पोरीला मानगुटीला धरून उचललं.

"कर शूटिंग. कर की! माझ्या भट्टीवर मी काय करतो ते दाखव सगळ्यांना."

आणि त्याने पोरीचं डोकं हौदात बुडवलं.

बाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. पोरगी हवेत पाय झाडत होती. एक, दोन, तीन, चार. पाय हळू व्हायला लागले. साच्यांपुढची माणसं उभी राहिली होती, पण जागची हलली नव्हती.

सविताच्या डाव्या हाताखाली भाजलेली वीट होती. ती कशी उठली, दहा पावलं कशी गेली, तिला सांगता आलं नाही. तिने वीट दत्तूच्या कानावर मारली. त्याची पकड सुटली. पोरगी हौदाच्या कडेवरून बाहेर गडगडली आणि खोकत, ओकत, श्वास ओढत राहिली. दत्तू गुडघ्यावर बसला होता. तशाच अवस्थेत त्याने सविताचा पाय धरला आणि तिला खाली खेचलं. तिने दुसऱ्यांदा वीट हाणली, ती जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. त्याने पाय सोडला, उताणा पडला, मग कुशीवर वळला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"बस, बाई," तो म्हणाला. मोडलेल्या जबड्यातून शब्द नीट येत नव्हते. "बस. बस."

सविता त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि तिसऱ्यांदा मारलं.

चौथ्यांदा मारलं तेव्हा विटेचा तुकडा पडला. उरलेल्या तुकड्याला धार आली होती. तिने त्याच्या बोटांवर मारलं म्हणजे बोटं बाजूला होतील. बोटं बाजूला झाली. मग तिने डोळ्यावर मारलं. तिच्या तोंडून काहीतरी बोलणं चाललं होतं. नंतर मजुरांनी सांगितलं की ती "ट्रॉलीवरून पडला, ट्रॉलीवरून पडला" असं म्हणत होती. मोडलेल्या खांद्याची कळ तिला जाणवत नव्हती. तिला बरं वाटत होतं. चोवीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं.

मागून कोणीतरी तिला मिठी मारली. ती मार खाल्लेली बाईच होती. तिच्या एका हाताची बोटं सुजून काळी झाली होती, त्याच हाताने तिने सविताच्या पोटाला घट्ट विळखा घातला होता.

"बास कर गं बाय," ती कानाशी म्हणत होती. "मरंल तो. बास कर. माझी पोर बघते."

सविताने मान वळवली. पोरगी हौदाला टेकून बसली होती, ओलीचिंब, थरथरत. उघडा होता तो एक डोळा सवितावर खिळला होता. सविताने तिच्याकडे हात केला. "ये," ती म्हणाली. हातात अजून विटेचा तुकडा होता. पोरगी किंचाळली आणि सरपटत मागे मागे गेली, भट्टीच्या भिंतीपर्यंत, तिथून पुढे जाता येईना म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं आणि डोकं हातांत लपवलं.

नऊ वर्षांची सविता त्या पहाटे पळण्याआधी अशीच बसली होती, मुकादम तिच्याकडे वळला तेव्हा.

तुकडा हातातून पडला.

पोलीस वीस मिनिटांत आले. योगेशने अखेर फोन केला होता.

दत्तू जगला. जबडा तीन ठिकाणी मोडला होता, डावा डोळा गेला. सविताचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि दोन बरगड्या. बाईचं नाव भागीबाई, पोरीचं वैजंती. नवरा आईचं कार्य उरकून खरंच परत आला, आणि भट्टीवर पोलीस बघून रस्त्यातच खाली बसला. तिथल्या सगळ्या कुटुंबांना तहसीलदारांनी सोडवलं आणि ट्रकमधून गावी पाठवलं. भट्टीचा मालक महिनाभर सापडला नाही, सापडला तो जामीन खिशात घेऊनच.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी लताबाई आल्या. वयामुळे त्यांना जिने चढवत नव्हते, तरी चढल्या. त्यांच्यासोबत योगेश होता. तो दाराशीच उभा राहिला.

"शर्यत पुरी झाली नाही," सविता म्हणाली.

"ते राहू दे." लताबाई खुर्ची ओढून बसल्या. "आता नीट ऐक. थोड्या वेळात पोलीस जबाब घ्यायला येतील. व्हिडिओ मी बघितला. त्यात त्याने तुला मारलेलं दिसतंय, पोरीला बुडवलेलं दिसतंय, तू एकदा मारलेलं दिसतंय. मग फोन खाली जातो. पुढे नुसती जमीन आहे."

"फोन खाली का केला?" सविताने योगेशकडे बघून विचारलं.

"मला बघवेना, ताई," तो म्हणाला. त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसासारखा होता. "पण ते बरंच झालं. वकिलांना विचारलं मी. तुम्ही म्हणा, झटापट झाली, तो विटांवर पडला. मजूर कोणी तोंड उघडणार नाहीत. भागीबाई तर नाहीच नाही."

"विटांवर पडला," सविता म्हणाली.

"हो. एवढंच."

थोड्या वेळाने जबाब घ्यायला पोलीस आले.

पोलीस निरीक्षक ज्योत्स्ना खैरनार सटाण्याच्या होत्या. बोलणं तुटक, पण वागायला माणुसकीच्या. त्यांनी वही उघडली आणि उत्तर सांगितल्यासारखंच विचारलं, "पोरीचा जीव वाचवायला तुम्ही मारलं. बरोबर?"

"पहिली वीट, हो," सविता म्हणाली. "दुसरीसुद्धा. त्याने पाय धरला होता."

"झालं तर मग. तेवढं लिहिते."

"तिसरीपासून पुढच्या नाही."

ज्योत्स्नाबाईंनी पेन वर उचललं. "गावित, मी काय विचारलं तेवढंच सांगा."

"तो बस म्हणाला होता, मॅडम. डोक्यावर हात घेतले होते. पोरगी बाहेर होती. तिसरीपासून पुढच्या मी माझ्यासाठी मारल्या. लिहा."

"सविता!" लताबाई उठून उभ्या राहिल्या. "वेड लागलंय का तुला? जन्मभर आत जाशील. त्या राक्षसासाठी?"

"त्याच्यासाठी नाही, बाई. माझ्या बापाच्या कागदावर खोटं लिहिलं होतं. माझ्या हाताने मी तसलंच लिहून देऊ?"

"ते वेगळं होतं!"

"वेगळंच होतं," सविता म्हणाली. "पण बस म्हणणारा माणूस खाली पडलेला असतो, ते सारखंच असतं. मी वरून बघितलं ना."

लताबाई पुन्हा खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. ज्योत्स्ना खैरनारांनी सगळं लिहिलं, सविता सांगेल तसं, आणि वाचून दाखवलं.

खांदा जुळल्यावर सविता नाशिक रोडच्या तुरुंगात सदतीस दिवस राहिली. मग जामीन झाला. खटला उभा राहिला, दत्तूवरही आणि तिच्यावरही, आणि तारखा पडत राहिल्या. मारहाणीचा गुन्हा असलेल्या माणसाला बालगृहात काम करता येत नाही, तसा नियमच आहे. लताबाईंनीच तिला हे सांगितलं. सविता म्हणाली की नियम बरोबर आहे. ती मखमलाबादच्या एका रोपवाटिकेत कामाला लागली. तिथे दिवसभर मातीत हात असायचे. खांदा थंडीत ठणकायचा. पळणं तिने सोडलं नाही, पण शर्यतीचं नाव पुन्हा काढलं नाही.

कारखान्याने हात वर केले. गुन्हा दाखल असलेल्या प्रकरणाशी आमचं नाव जोडता येत नाही, असं पत्र आलं. पण त्या दिवशी भट्टीसमोरून पळत गेलेल्यांपैकी काही जण पुढच्या महिन्यांत लताबाईंकडे एकेकटे येऊन गेले. कोणी सिमेंट दिलं, कोणी पत्रे, एका डॉक्टरीणबाईंनी खिडक्या. येणारा जो तो सांगायचा की आम्ही पाहिलं होतं. पावसाळ्याआधी पाथर्डीच्या जागेवर चार भिंती उभ्या राहिल्या.

भागीबाई आणि तिचा नवरा गावी गेले ते महिन्याभरात परत आले. नवऱ्याला एका बांधकामावर काम मिळालं. भागीबाई बालगृहात लागली, सविता करायची त्याच कामावर. मुलांना उठवायचं, न्हाऊ घालायचं. तिची दोन बोटं आता वाकत नव्हती. वैजंती तिसरीत बसली.

सविता रविवारी यायची. आत जायची नाही. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसायची, मुलं तिच्याकडे येऊन हुंदडायची, मांडीवर पडायची, गेल्या आठवड्यातली भांडणं सांगायची. वैजंती येत नसे. ती ओट्यावरून बघायची. सविताने तिला कधी हाक मारली नाही. एकदा कोणाच्या तरी डोक्यावरची माशी हाकलायला सविताने हात वर केला, तशी ओट्यावरची पोर दोन पावलं मागे सरकली. सविताने ते पाहिलं. त्यानंतर ती तिथे असताना हात मांडीवरच ठेवायची.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी बाकीची मुलं जेवायला गेली होती. सविता उठायच्या बेतात होती, तेव्हा वैजंती फाटकातून बाहेर आली आणि चार-पाच पावलांवर थांबली.

"तो परत येल?" तिने विचारलं.

नाही, कधीच नाही, असं सविताच्या ओठांवर आलं होतं.

"कोर्टात येईल," ती म्हणाली. "तुला तिथे यावं लागेल. त्याने काय केलं ते सांगावं लागेल. आई असेल सोबत. लताबाई असतील."

"तू?"

"मी पण असेन. मलाही सांगायचंय."

"तू काय सांगशील?"

"मी त्याला किती मारलं ते."

पोरीने यावर विचार केला. तिचा तो डोळा बरा झाला होता, पापणीवर एक बारीक पांढरा वण तेवढा राहिला होता.

"मी मोजल्या होत्या," ती म्हणाली. "सात."

"मला माहीत नव्हतं," सविता म्हणाली.

"सातच. मला विचारलं तर मी सांगू?"

"सांग."

आतून भागीबाईने जेवायला हाक मारली. वैजंतीने मागे वळून पाहिलं, पण गेली नाही. आणखी एक पाऊल पुढे आली आणि तिथे थांबली, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. तिथूनच ती खाली बसली आणि मातीत काडीने रेघा ओढायला लागली. सविता जागची हलली नाही.